सिनेमा उलगडतो कोण?

सुरुवात एका साध्या गुणाकाराने करू या. दूरदर्शनचे चित्र अंकांत कसे मांडायचे याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८२ मध्ये ठरले. आपल्याकडच्या पद्धतीच्या चित्रासाठी त्यात आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू धरले गेले. प्रत्येक बिंदूची उजळता आणि रंग सांगायला सरासरी २ बाइट लागतात, आणि अशी २५ चित्रे दर सेकंदाला दाखवायची असतात. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट भरतात. ६५० मेगाबाइटच्या सीडीवर या हिशेबाने जेमतेम अर्ध्या मिनिटाचा सिनेमा मावेल. अडीच तासांच्या हिंदी चित्रपटाला पावणेतीनशे सीड्या लागतील!

प्रत्यक्षात १९९० च्या दशकाच्या अखेरीस तोच चित्रपट दोन किंवा तीन सीड्यांवर भाड्याने मिळू लागला होता. चित्र थोडे धूसर दिसे, पण सिनेमा पुरा असे. म्हणजे कोणीतरी तो आधी घट्ट गुंडाळून ठेवला होता आणि पाहताना कोणीतरी तो उलगडत होते. गुंडाळण्याचे काम एकदाच करायचे असते. त्याला वेळ लागला तरी चालतो. उलगडण्याचे काम मात्र प्रत्येक घरी, प्रत्येक वेळी आणि तेही चित्र न अडखळता करावे लागते.

घरी किंवा शाळेच्या सभागृहात सिनेमा दाखवण्यासाठी बेताच्या पैशांत संगणक घ्यायचा असेल, तर कोणता घ्यावा? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पूर्णपणे एकाच गोष्टीवर अवलंबून असते: हे उलगडण्याचे काम त्या संगणकातला कोणता भाग करतो. दुकानात मात्र पहिल्यांदा सांगितला जातो तो प्रोसेसरचा वेग, आणि शाळांच्या कोटेशनांतही पहिली ओळ त्याचीच असते. तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर या आकड्याने ग्राहकांना किती वेळा चकवले ते कळते.

गुंडाळण्यामागचे गणित आधी थोडे पाहू. बंगळूरला जन्मलेले आणि तिथेच अभियांत्रिकी शिकलेले नासिर अहमद पुढे अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत होते. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातल्या उजळतेचे आकडे कोसाइनच्या लाटांच्या बेरजेत मांडायचे, अशी त्यांची कल्पना होती. १९७२ मध्ये त्यांनी यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, ते मिळाले नाही. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाला वाटले होते! अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आज कोणत्याही डिजिटल छायाचित्रात किंवा चित्रपटात ही कल्पना, किंवा तिचेच एखादे भावंड, सापडते.

कल्पना खरोखरच साधी आहे. आठ गुणिले आठ बिंदूंचा एक चौकोन घ्या. तो पांढऱ्या भिंतीचा तुकडा असेल, तर त्यातले ६४ आकडे जवळपास सारखेच असतात. मग ६४ वेळा तेच लिहिण्यापेक्षा ‘सरासरी इतकी, डावीकडून उजवीकडे किंचित उतार, बाकी काही नाही’ असे सांगितले तरी भागते. नव्या मांडणीतही आकडे ६४च असतात, पण त्यांतले बरेचसे शून्याच्या आसपास येतात आणि टाकून देता येतात. याच्या जोडीला आणखी एक युक्ती वापरतात. लागोपाठच्या दोन चित्रांत फारसा फरक नसतो. म्हणून दुसरे चित्र पूर्ण न साठवता ‘हा तुकडा तीन बिंदू उजवीकडे सरकला’ एवढीच नोंद ठेवायची. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एमपेग या तज्ज्ञगटाने या युक्त्या एकत्र करून पहिले मानक तयार केले. ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्यावर आधारलेली व्हिडिओ सीडी आली. तिचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, आणि आकार मुळाच्या साधारण सव्विसाव्या भागाएवढा.

आता उलगडणाऱ्याच्या बाजूने हिशेब करू. व्हिडिओ सीडीच्या एका चित्रात उजळतेचे १,५८४ आणि रंगांचे ७९२ चौकोन असतात. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे ५९,४०० चौकोन. सगळे चौकोन सरळ रीतीने उलटवायचे म्हटले, तर प्रत्येकाला १,०२४ गुणाकार लागतात. एकूण सेकंदाला सहा कोटी. त्या वेळी आपल्याकडे ज्याचे अप्रूप होते तो ४८६ प्रोसेसर सेकंदाला ३.३ ते ६.६ कोटी ठोक्यांवर चाले, आणि एका गुणाकाराला त्याचे दहाहून अधिक ठोके खर्च होत. गणित्यांनी जलद रीती शोधून गुणाकार बरेच कमी केले होते हे खरे. तरीही बैल थकेल इतके ओझे उरतच होते.

मग उपाय काय निघाला? फक्त हेच काम करणारी वेगळी चिप. सी-क्यूब नावाच्या अमेरिकी कंपनीने १९९२ च्या सुमारास अशी चिप बनवली. तिला पत्र टंकता येत नव्हते की खेळ खेळता येत नव्हता. एमपेगचा गुंडा उलगडणे, एवढे एकच काम तिला येई. चीनमधल्या कारखान्यांनी ती घालून व्हिडिओ सीडीचे खेळयंत्र बनवले, आणि पुढे अशी यंत्रे भारतासह आशियाभर पसरली. दिवाणखान्यातल्या त्या स्वस्त यंत्राचा मुख्य प्रोसेसर अगदीच किरकोळ असे. तरी जो चित्रपट त्या काळातल्या महागड्या संगणकावर अडखळत चाले, तो त्यावर सुरळीत दिसे. संगणकवाल्यांनाही हीच चिप बसवलेले कार्ड १९९३ पासून विकत घेता येत होते. घेणारे थोडेच होते, कारण कार्ड म्हणजे वेगळा खर्च.

पुढची चार-पाच वर्षे पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. प्रोसेसर वेगाने सुधारत गेले. जानेवारी १९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्स पेंटियम आणला. त्यातल्या ५७ नव्या आज्ञांमुळे एकाच ठोक्यात अनेक लहान आकड्यांवर क्रिया करता येऊ लागली, आणि आठ गुणिले आठच्या चौकोनांना हे फार सोयीचे होते. व्हिडिओ सीडीसाठी वेगळे कार्ड लागेनासे झाले. ‘प्रोसेसर वेगवान घ्या, बाकीचे आपोआप होईल’ हा सल्ला याच काळातला. त्या वेळी तो बरोबरही होता.

पण तोवर जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये डीव्हीडी बाजारात आली होती. तिचे चित्र चौपट बिंदूंचे होते, आणि दुसऱ्या एमपेग मानकाने गुंडाळलेले. पुन्हा प्रोसेसर कमी पडला. निव्वळ प्रोसेसरच्या बळावर डीव्हीडी पाहायची तर तीन-चारशे मेगाहर्ट्झचा पेंटियम-२ लागे. याउलट उलगडणारी चिप असलेले कार्ड बसवले, तर १३३ मेगाहर्ट्झच्या जुन्या पेंटियमवरही काम होई. क्रिएटिव्ह आणि सिग्मा डिझाइन्स या कंपन्यांची अशी कार्डे १९९८-९९ मध्ये गाजली. त्यांची जोडणीही मजेदार होती. नेहमीच्या ग्राफिक्स कार्डातून निघालेली केबल आधी या कार्डात जायची आणि तिथून पडद्याकडे. वाटेत हे कार्ड चित्रात सिनेमाचा चौकोन चिकटवून देई.

याच काळातले टिव्हो हे अमेरिकी यंत्र पाहण्यासारखे आहे. १९९९ मध्ये विक्रीला आलेले हे यंत्र म्हणजे मुळात लिनक्सवर चालणारा, दूरदर्शनचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवणारा संगणकच होता. त्याचा प्रोसेसर सुमारे ५० मेगाहर्ट्झचा आणि स्मृती १६ मेगाबाइट. त्या वर्षी कोणत्याही दुकानात एवढ्या दुबळ्या संगणकाची मागणी केली असती तर लोक हसले असते. पण गुंडाळायला एक चिप आणि उलगडायला दुसरी चिप असल्यामुळे प्रोसेसरला फक्त ‘इकडचे तिकडे ठेव’ एवढेच सांगायचे होते. पुढे हौशी लोकांनी अशीच यंत्रे घरी जुळवायला सुरुवात केली, ती याच धड्यावरून.

हौशी मंडळींचा दुसरा मार्ग तर स्वस्ताईचा कळस होता. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये आणलेले एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र आतून संगणकच होते: ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती आणि थेट टीव्हीला लागणारी वायर. त्याचे कुलूप फोडून त्यावर सिनेमा पाहण्याचा प्रोग्रॅम चालवायची खटपट २००२ मध्ये सुरू झाली. त्यातून एक्सबीएमसी जन्मला. त्याचेच नाव २०१४ पासून कोडी आहे, आणि तो आजही फुकट मिळतो. डीव्हीडीच्या दर्जाचा सिनेमा त्या एक्सबॉक्सवर उत्तम चाले. तिथेच त्याची धाव संपत होती.

कारण २००३ मध्ये एच.२६४ हे नवे मानक आले. चित्राचा दर्जा तोच ठेवून त्याने फाइलचा आकार दुसऱ्या एमपेगच्या साधारण निम्म्यावर आणला. पण त्याची किंमत उलगडणाऱ्याने मोजायची होती. इथे जरा थांबू, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

चौकोन उलटवण्याचे काम पंगतीसारखे असते. पाने जास्त झाली तर वाढपी वाढवता येतात. एकाचे पान वाढायला दुसऱ्याचे जेवण संपण्याची वाट पाहावी लागत नाही. ग्राफिक्स कार्डात लहान लहान गणकयंत्रे शेकड्याने असतात, म्हणून पंगत त्यांना छान जमते. एच.२६४ मध्ये मात्र आणखी एक पायरी आहे. बिटांची मूळ मालिका अशा रीतीने आवळलेली असते की पुढच्या बिटाचा अर्थ मागचे बिट उलगडल्याशिवाय लागत नाही. हे काम गाण्याच्या भेंड्यांसारखे आहे. मागच्या गाण्याचे शेवटचे अक्षर कळल्याखेरीज पुढच्याला सुरुवातच करता येत नाही. भेंड्यांना शंभर माणसे बसवली तरी गाणे एका वेळी एकच होते.

आता २००७ मधली गंमत पाहा. एनव्हिडिया कंपनीचे ८८०० जीटीएक्स हे कार्ड नोव्हेंबर २००६ मध्ये ५९९ डॉलरना आले होते. त्यात अशी १२८ गणकयंत्रे होती. खेळांसाठी त्याला तोड नव्हती. एप्रिल २००७ मध्ये त्याच कंपनीने ८६०० आणि ८५०० ही धाकटी कार्डे काढली. त्यांतले ८५०० तर थोरल्याच्या चौथाईपेक्षाही कमी किमतीचे. पण धाकट्यांमध्ये एच.२६४ ची भेंड्यांसकट सगळी उलगड करणारा खास तुकडा होता, आणि थोरल्यात तो नव्हता! प्रतिस्पर्धी एएमडीनेही त्याच वर्षी तेच केले. २४०० आणि २६०० या स्वस्त कार्डांत तुकडा होता, ३९९ डॉलरच्या २९०० एक्सटीमध्ये नव्हता. महाग कार्ड घेणाऱ्याकडे प्रोसेसरही दणकट असणारच, असा हिशेब. खेळणाऱ्यांसाठी तो ठीक असेलही. पण ‘जास्त पैसे म्हणजे जास्त चांगले’ असे धरून सिनेमासाठी थोरले कार्ड घेणाऱ्याला चौपट पैसे मोजून प्रोसेसर तापवत बसावे लागले. पंख्याचा आवाज वेगळाच. शांत प्रसंगात पंखा घोंघावत असेल तर सिनेमा कसला? त्यामुळे या कामाच्या संगणकात वीज कमी खाणे ही चैन नसते.

२००८ मध्ये इंटेलने ॲटम हा स्वस्त, जेमतेम ४ वॉट खाणारा प्रोसेसर आणला. सिनेमावाल्यांना वाटले, हेच हवे होते. पण कंपनीने त्याच्यासोबत जो मदरबोर्ड विकला त्यावरची जुनी साहाय्यक चिप २२ वॉट खात होती. मुख्य प्रोसेसर विनापंख्याचा आणि त्याच्या मदतनिसाच्या डोक्यावर पंखा, असे ते विचित्र दृश्य होते. शिवाय हायडेफिनिशन सिनेमा त्या जोडगोळीला झेपत नव्हता तो नव्हताच. मग एनव्हिडियाने ॲटमला आपली चिप जोडून आयॉन नावाचा संच दिला. तो घातलेला एसर कंपनीचा पुस्तकाएवढा संगणक २००९ मध्ये अमेरिकेत १९९ डॉलरपासून मिळू लागला. प्रोसेसर तोच, दुबळा. पण पूर्ण आकाराचा एच.२६४ सिनेमा त्यावर बिनतक्रार चाले. आमच्या मते स्वस्त सिनेमा-संगणकाच्या इतिहासातले हे खरे वळण.

त्यापुढची पायरी पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असेल. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. हेतू मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याचा. ७०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर साधे वेबपान उघडतानाही तो धापा टाकी, पण एच.२६४ चा १०८० ओळींचा सिनेमा मात्र झोकात दाखवी. आता चमत्कार असा की त्याहून कितीतरी सोपी, जुनी डीव्हीडी त्यावर नीट चालत नसे! चिपमध्ये तिच्यासाठीही तुकडा होता. पण दुसऱ्या एमपेग मानकावर पेटंटे होती. प्रत्येक यंत्रामागे परवाना शुल्क भरले असते, तर ज्यांना सिनेमा पाहायचाच नाही अशा मुलांनाही भुर्दंड पडला असता. म्हणून तो तुकडा कुलूपबंद ठेवला गेला. ज्याला हवा त्याने २ पौंड ४० पेन्सना किल्ली विकत घ्यायची, आणि तीही त्याच्या यंत्राच्या क्रमांकापुरतीच. सिलिकॉन हातात आहे, वीज आहे, पण परवानगी नाही. अमेरिकेत या मानकाचे शेवटचे पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले.

परवानगीचा प्रश्न त्यानंतर वाढतच गेला. २०१३ मध्ये एचईव्हीसी हे आणखी घट्ट गुंडाळणारे मानक आले. त्याची पेटंटे एकाहून अधिक गटांकडे विखुरलेली होती. त्याला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, इंटेल वगैरे कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन शुल्कमुक्त मानकाचे काम हाती घेतले, आणि २०१८ मध्ये एव्ही१ जाहीर केले. दरम्यान नोव्हेंबर २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने संगणकावर ४के चित्र द्यायला सुरुवात केली, तीही फक्त इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर आणि विंडोज १० च्या ठरावीक ब्राउझरमध्ये. सहाव्या पिढीचा त्याहून वेगवान प्रोसेसर असला तरी दार बंद. चोरीला आळा घालण्यासाठी हवी असलेली कुलपेही आता चिपमध्येच असतात.

हे सगळे वाचून शाळेसाठी संगणक निवडायचा तर नेमके काय पाहायचे? जुन्या कार्यालयीन संगणकांच्या बाजाराचे उदाहरण घेऊ, कारण बेताच्या पैशांत बहुतेकांची धाव तिथेच जाते. इंटेलची सहावी पिढी २०१५ मधली, सातवी २०१६-१७ मधली. पेट्या सारख्याच दिसतात, वेगही जवळपास सारखा असतो. पण रंगाच्या १,०२४ छटा सांगणारा, म्हणजे १० बिटांचा एचईव्हीसी सिनेमा पूर्णपणे आपल्या तुकड्यात उलगडते ती सातवी. सहावीचा तुकडा २५६ छटांपुरताच. आजचे ४के चित्रपट बहुतेक १० बिटांचे असतात. म्हणून आम्ही सहाव्या पिढीच्या आय-७ पेक्षा सातव्या पिढीचा आय-३ घेऊ, आणि वाचलेले पैसे बऱ्या ध्वनिक्षेपकांवर घालू. नवीनच घ्यायचा तर जानेवारी २०२३ मध्ये आलेला, ६ वॉटचा इंटेल एन१०० एव्ही१ देखील उलगडतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे कितीतरी जास्त वीज खाणारे कार्ड ते उलगडत नाही. इतिहासाला पुनरावृत्तीची हौस दिसते.

आणि सर्वच तुकडे कायम राहतात असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मधून एच.२६४ चा तुकडा काढूनच टाकला. त्याचे चार गाभ्यांचे, २.४ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर आता ते काम सहज स्वतः करतात. तिथे खास तुकडा उरला आहे तो एचईव्हीसीपुरता.

वरच्या वर्गांतल्या मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येते. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर व्हीएलसी या प्रोग्रॅमने एखादी ४के फाइल लावा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडून ठेवा. त्यात जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा वेगळा आलेख असतो. तो वर चढलेला आणि प्रोसेसरचा आलेख तळाशी असेल, तर तुकडा काम करतो आहे. आता व्हीएलसीच्या पसंतीच्या यादीत जाऊन हार्डवेअरची मदत बंद करा आणि फाइल पुन्हा लावा. दोन्ही आलेखांची अदलाबदल होईल, थोड्या वेळाने पंख्याचा आवाजही वाढेल. मग एच.२६४, एचईव्हीसी आणि एव्ही१ अशा तीन प्रकारांत गुंडाळलेली एकच चित्रफीत घेऊन प्रत्येकीची फाइल किती मोठी आणि प्रोसेसर किती टक्के गुंतला, याचा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. शाळेतल्या निरनिराळ्या वर्षांच्या संगणकांवर हे तक्ते वेगवेगळे येतील. कोणत्या तक्त्यातला आकडा एकदम उडी मारतो आणि तो संगणक कोणत्या वर्षी घेतला होता, हे दोन्ही शेजारी लिहायला सांगावे.